आता माथ्यावर थांबायची गरज नाही

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी आम्ही पाच-सात म्हातारे एका बाकावर बसतो. प्रत्येकाने आपल्या नोकरीतल्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की कुठे हसायचं हे बाकीच्यांना पाठ झालं आहे. मीही सांगतो. ऑटोमॅटिक टिप्परांचा विषय निघाला की मात्र माझा गुडघा दुखायला लागतो, किंवा घरी दूध आणायचं असतं. ही एक गोष्ट मी अशीच टाळत आलो. कुणी विचारलं तर खरं सांगेन, असं मनाशी म्हणायचो. नंतर कुणी विचारलं नाही, कारण विचारता येईल असं काही मी शिल्लकच ठेवलं नव्हतं. ते मीच पुसलं होतं. आता माझं वय झालं आहे आणि हे लिहून ठेवल्याशिवाय मला जायचं नाही.

मी एका रस्ता-ठेकेदाराकडे वर्कशॉपचा फोरमन होतो. सगळे मला मिस्तरी म्हणत. पंचवटी मागे टाकून पेठच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला आमची पत्र्याची शेड होती. घाटापलीकडे रस्ता रुंद करायचं काम मिळालं तेव्हा मालकाने चार नवे टिप्पर घेतले. त्यांना क्लच नव्हता, गिअरचा दांडा नव्हता. चालकाच्या डाव्या हाताला बटणांची छोटी पाटी होती. पुढे जायला डी, मागे यायला आर, न्यूट्रलला एन, आणि गिअर वर-खाली करायला दोन बाण. जुने चालक पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरून हसले. मिस्तरी, ही तर लेडीज गाडी आणली, असं एक जण म्हणाला. आठवड्याभरात त्याच माणसाने घाटात त्या गाडीचं तेल करपवलं.

त्या गाड्यांचं मर्म समजावून घ्यायला मला महिना लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या जागी मोठ्या पातेल्याएवढा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलाने भरलेला. इंजिन तेल फिरवतं आणि ते तेल गिअरबॉक्सला फिरवतं. गाडीत ओझं असेल आणि वेग कमी असेल तर ते तेल नुसतं घुसळलं जातं, आणि घुसळलं की तापतं. गाडीने बेताचा वेग घेतला की आतली एक प्लेट दोन्ही बाजू घट्ट धरून एक करते. त्याला लॉकअप म्हणतात. लॉकअप लागला की घुसळण थांबते आणि तेल निवायला लागतं. उतारावरही तो लागलेला असला तरच इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. शिवाय रिटार्डर नावाचा एक रोधक असतो. तोही त्याच तेलाच्या जोरावर चाकांना आवरतो आणि तेच तेल आणखी तापवतो. तेल फार तापलं की पातळ होतं, त्याचा दाब पडतो, लॉकअपची पकड घसरते आणि रिटार्डर आपोआप ढिला होतो. मग सगळं ओझं साध्या ब्रेकवर येतं. भरलेल्या टिप्परला घाटात साधे ब्रेक किती वळणं पुरतात, हे कुणीही चालक सांगेल.

आमची खडी घाटाच्या अलीकडून पलीकडे जायची. म्हणजे भरलेली गाडी आधी चढायची आणि लगेच भरलेलीच उतरायची. म्हणून मी नियम केला होता. घाटमाथ्यावर सपाटी आहे, तिथे चहाची टपरी आहे. तिथे गाडी उभी करायची, हँडब्रेक लावायचा, एन दाबायचं, इंजिन जरा जास्त फिरतं ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटांत तेलाचा काटा खाली येतो. मगच डी दाबून उतरायला लागायचं. चालत्या गाडीत उतारावर न्यूट्रल करायचं नाही, हे तर मी दर सोमवारी सगळ्यांना बजावायचो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरायची खोड आपल्याकडच्या चालकांत जुनी आहे.

चौघांत एकच जण असा होता की त्याला मला काही दोनदा सांगावं लागलं नाही. तो पेठकडच्या एका पाड्यावरचा. घरची थोडी नागली-भाताची जमीन. तरुणपणी दर हंगामाला घरच्यांबरोबर द्राक्षबागांच्या कामाला यायचा, तिथेच ट्रॅक्टरवर बसला आणि पुढे चालक झाला. बाकीचे चालक डी दाबून मोकळे होत. मग चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये घुटमळत राहायची, लॉकअप लागायचा आणि सुटायचा, आणि तेल तापायचं. हा चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा बाण दाबून गाडी तिसऱ्यात धरून ठेवायचा. मी शेजारी बसलेलो असलो की म्हणायचा, "पकडली बघा." काट्याकडे न बघताच. लॉकअप लागल्याचं त्याला सीटमधून कळायचं. मला ते काटा बघितल्यावर कळायचं.

उन्हाळ्यात त्याच्या गाडीचा तेलाचा कूलर चोंदला. खडीची भुकटी आणि तेल मिळून त्याच्या जाळीत सिमेंटसारखा थर बसला होता. अर्धा घाट चढल्यावरच तेल तापल्याचा इशारा देणारा गिअरबॉक्सचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की हा बाजूला घेऊन थांबायचा, माथ्यावर पुन्हा थांबायचा. चार खेपांच्या जागी त्याच्या दोन व्हायला लागल्या. नवा कूलर बाहेरगावाहून यायचा होता, त्याला दोन आठवडे तरी लागणार होते. तोवर गाडी उभी ठेवू, असं मी साइटवरच्या साहेबांना सांगितलं. पावसाआधी भराव संपवायचा असल्याने त्यांच्या डोक्यावर वरून दाब होता. तुमच्या गाड्या घाटात चहा प्यायला जातात का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्तरी, बंद करायचाच असेल तर तो भोंगा बंद करा. गाडी नको."

त्यांनी सांगितलं हे खरं आहे. पण मी त्यांच्यावर ढकलणार नाही. त्यांना गिअरबॉक्समधलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

मी कूलर उतरवून साबणाच्या पाण्याने धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारली. निम्मी जाळी मोकळी झाली, निम्मी नाही. तोच कूलर परत बसवला. मग डॅशबोर्डच्या मागे हात घालून एक वायर ओढून काढली. तेलाचा काटा शून्यावर पडला आणि भोंगा मुका झाला. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी न्यायला आला. किल्ली फिरवल्यावर काटा हलत नाही हे त्याने लगेच पाहिलं. मी म्हटलं, मीटर गेलंय, सवडीने बघू. त्याने विचारलं, "कूलर बदलला का?"

"बदलला," मी म्हणालो. "आता माथ्यावर थांबायची गरज नाही."

तो हसला. "मंग चहावाल्याचं कसं व्हायचं?"

मी त्याला नुसता हुकूम का दिला नाही, खोटं का सांगितलं, याचा मी फार विचार केला आहे. उत्तर सोपं आहे. खरं सांगितलं असतं तर तो साहेबांचं ऐकल्यासारखं करून माथ्यावर थांबलाच असता. सीटमधून सगळं कळणारा माणूस तो. मिस्तरीने कूलर बदललाय, एवढ्या एका गोष्टीमुळेच तो स्वतःच्या अंगाला कळलेलं मागे सारणार होता. हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याचाच उपयोग केला.

चार-पाच दिवस काही झालं नाही. साहेब खूश होते. तो एकदा म्हणाला की वास येतो, तेल भाजल्यासारखा. नवीन कूलरला आधी येतो वास, असं मी सांगितलं.

त्या दिवशी दुपारी त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा बसला होता. बायकोचा एकुलता एक भाऊ. तो आमच्याच साइटवर मजुरीला होता. पंचवटीच्या बाजारातून घरचं सामान घेऊन परत निघाला होता, म्हणून खडीच्या क्रशरवरून भावजींच्या गाडीत चढला. गाडी चढ चढली, माथ्यावर न थांबता टपरीवरून पुढे गेली आणि उतरायला लागली. पहिल्या दोन वळणांत रिटार्डर ढिला पडला. तिसऱ्या वळणाच्या आधी ब्रेक गेले. त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली, दरीत जाऊ दिली नाही. पण ती उलटली ती मेहुणा बसला होता त्या बाजूला. मेहुणा जागेवर गेला. ह्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

गाडी ओढून पोलीस चौकीच्या आवारात आणली होती. तेल गळतंय, आग लागायला नको, तेवढं बघून घेतो, असं सांगून मी केबिनमध्ये शिरलो. काढलेली वायर परत जोडली, तिच्यावर टेप गुंडाळला आणि टेप नवा दिसू नये म्हणून त्याला धूळ फासली. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये तेल किती तापलं, किती वेळा तापलं याची नोंद राहते. माझ्याकडे ती वाचायचं यंत्र होतं. मी वाचली. पाच दिवसांतली एकूण एक खेप तिच्यात होती. पाटीवर कोणतं बटण दाबलेलं होतं, तेही होतं. गाडी शेवटपर्यंत डीमध्ये होती. एन कुणी दाबलंच नव्हतं. मग मी ती नोंद पुसली. त्याला एक बटण लागतं. पुसू का, असं ते यंत्र एकदा विचारतं, तेवढंच.

पुढचं लोकांनीच जमवून दिलं. जबाबात तो म्हणाला होता की गाडी एकदम मोकळी झाली. पोलिसांनी टपरीवाल्याला विचारलं. टपरीवाला खरं बोलणारा माणूस. हा रोज वर आला की न्यूट्रल करायचा, मी डोळ्यांनी बघितलंय, असं त्याने सांगितलं. ते खरंच होतं. उभ्या गाडीत, तेल निवावं म्हणून, मीच शिकवलेलं. पण हा फरक पोलिसांना मीच समजावू शकलो असतो, आणि मी तो समजावला नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली असणार, हे घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लगेच पटलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर आला, त्याने आपलं यंत्र लावलं आणि नोंदी कोऱ्या कशा, असं विचारलं. आपटल्यावर बॅटरीची वायर तुटली होती, मी म्हणालो. त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि लिहून घेतलं. माझ्याकडेही अहवाल मागितला. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घेतल्याचे दिसते, हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

इथपर्यंतचं भीतीने झालं असं म्हणता येईल. पुढचं नाही.

महिनाभराने एका सकाळी तो माझ्या घरी आला. हात गळ्यात बांधलेला होता. बायकोने पोहे केले. तो खुर्चीवर बसला नाही, दाराशी जमिनीवरच बसला आणि पोह्यांना हात लावला नाही. सासरची माणसं त्याला दारात उभी करत नव्हती, मेहुण्याच्या दहाव्यालाही येऊ दिलं नव्हतं. बायको घरातच होती, स्वयंपाक करून वाढत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला वाटलं, केसमध्ये काही मदत मागेल.

"मिस्तरी," तो म्हणाला, "तुमी गाडी उघडून बघितली. मला कागुद नको, कोर्टाचं काय होईल ते होईल. येवढंच सांगा. माझ्या हातानं ते बटण दाबलं गेलं का? मला आठवत नाय. मी लय आठवून बघितलं."

माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून आमच्याकडे बघितलं. मला एकच शब्द बोलायचा होता. नाही. एवढं बोललो असतो तरी त्याचं काम झालं असतं. बाकी मी कोर्टात नाकारलं असतं, साहेबांपुढे नाकारलं असतं, तरी तो कुणाला सांगायला गेला नसता. फक्त त्याला कळलं असतं.

"दाबलं गेलं असेल," मी म्हणालो. "सवयीचा हात असतो. रोज माथ्यावर दाबायचास ना."

त्याने गळ्यातल्या डाव्या हाताकडे बघितलं. "मंग असंल," तो म्हणाला. उठला, चपला घातल्या. जाताना माझ्या पाया पडला.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. वकिलाने नको म्हणून सांगितलं होतं, असं मी नंतर ऐकलं. काही महिने आत होता. सुटल्यावर स्टिअरिंगला त्याने परत हात लावला नाही. हंगामात पुन्हा बागांवर जायला लागला, मजुरीला, वयाने आणि अंगाने थकलेला. एकदा मी गंगापूर रोडवरून स्कूटरने येत होतो. मजुरांनी भरलेली एक पिकअप सिग्नलला थांबली होती. तो मागे उभा होता. त्याने मला बघून मान हलवली. सिग्नल सुटला तसा मी दुसरीकडे वळलो. माझा रस्ता तिकडचा नव्हता.

नवा कूलर ठरल्याप्रमाणे दोन आठवड्यांनी आला होता. खोका न उघडता तो शेडमध्ये पडून राहिला. मी निवृत्त झालो तेव्हाही तिथेच होता.

निवृत्तीनंतर मी त्याला लिहायला बसायचो. पहिल्या कागदांत साहेबांबद्दलच जास्त असायचं. मग ते गळत गेलं. शेवटी एक पान उरलं. ते घडी करून मी पाकिटात ठेवलं आणि आणखी दोन वर्षं काढली. यंदा हिवाळ्यात माझ्या छातीत दुखून दवाखान्याची वारी झाली. घरी आल्यावर मुलाला म्हटलं, मला पेठकडे एका जुन्या माणसाला भेटायला ने. मुलाने कारण विचारलं नाही. त्याच्या गाडीतही तसाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आली, लॉकअप लागला, आणि तो मला सीटमधून कळला.

पाड्यावर एका अंगणात बाई नागली पाखडत होती. त्याचं नाव घेऊन विचारलं तेव्हा कळलं, ती त्याचीच बायको. तिनेच सांगितलं की ते गेले, मागच्या पावसाळ्यात, कावीळ झाली होती. मी कोण, असं तिने विचारलं. मी म्हणालो, त्यांच्या गाडीचं काम मी बघायचो. ती सूप बाजूला ठेवून उठली. माझ्यासाठी घरातून पाट आणला, कोरा चहा केला. मुलगा गाडीपाशी फोनवर बोलत उभा होता. अंगणात आम्ही दोघंच.

मी खिशातून पाकीट काढलं होतं. तेवढ्यात ती बोलायला लागली. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, सुपाकडे बघत.

"डाव्या हातानं काय धरायचे नाय ते. भाकर नाय, काठी नाय. नातू झाला, त्याला सुदा एकाच हातानं उचलायचे. मी म्हनायची, असं का करता. तर म्हनायचे, ह्या हातावर माझा भरवसा नाय." मग म्हणाली, "मी सुरवातीला रागात होते. माझा भाव होता तो. पुढं मी त्यांना म्हनलं, तुमाला आठवत नाय तर तुमी केलं नसंल. तर म्हनले, केलं असंल. मिस्तरीनं स्वतः बघितलं गाडीत. मिस्तरी मला खोटं सांगनार नाय."

तिने वर बघितलं. "तुमीच का ते मिस्तरी?"

मी हो म्हणालो. तिने पदर सारखा केला आणि वाकून मला नमस्कार केला.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला मला आतापर्यंतच्या सगळ्याहून जड जातं आहे. मी चहा संपवला. त्यांचं दुःख ऐकून वाईट वाटलं, असं काहीतरी बोललो. पाकीट परत खिशात घातलं. तिने पिशवीभर नागली दिली, ती घेतली. परत येताना माथ्यावर टपरीपाशी मुलाने चहासाठी गाडी थांबवली. मी आत बसून राहिलो.

हे लिहिलं म्हणजे मी सुटलो असं मी मानत नाही. ती बाई हे वाचणार नाही, आणि ज्याला कळायला हवं होतं तो राहिला नाही. मला पुन्हा तिथे जायचं आहे. जाईन असं मी म्हणणार नाही, कारण माझ्या अशा बोलण्याला आता माझ्याच लेखी किंमत नाही. ते पान मात्र इथे उतरवून ठेवतो. ते त्याच्यासाठी लिहिलं होतं, म्हणून त्यालाच उद्देशून आहे, आणि तसंच ठेवतो.

तुझ्या हाताने बटण दाबलं नाही. गाडी शेवटपर्यंत डीमध्ये होती, ते मी यंत्रावर वाचलं होतं आणि पुसलं. कूलर मी बदलला नव्हता. भोंग्याची वायर मी काढली होती. तुला वास आला तो बरोबर होता, तू थांबायला हवं होतंस, आणि मी तुला थांबू नको म्हणालो. तुझा मेहुणा माझ्यामुळे गेला. तू घरी येऊन विचारलंस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी असेल म्हणालो. मला माफ कर.